हरकत घेतली नाही

शिवप्पा धुळशेट्टे माइकवर बोलायला लागला की आमच्या गावातली कुत्रीसुद्धा मान वर करून बघायची. हे कौतुकानं सांगत नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. त्याची तीनचाकी रिक्षा होती. टपावर दोन भोंगे बांधलेले, मागच्या सीटवर बॅटरी, एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात माइक. जळकोट तालुक्यातली पस्तीस-चाळीस गावं तो फिरायचा. दुकानाचं उद्घाटन, पोलिओचा डोस, वीजबिलाची शेवटची तारीख, यात्रेतल्या कुस्त्या, हरवलेली म्हैस आणि गेलेलं माणूस. 'यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले असून' हे वाक्य तो असं म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याच्याच घरातलं कुणीतरी गेलंय. सीमेकडची गावं लागली की कन्नडमध्ये सांगायचा, बाजारात दखनी उर्दूत.

मी त्या गावात झेडपीच्या शाळेवर मास्तर. बदलीनं आलो आणि अकरा वर्षं राहिलो. राहायला खोल्या मिळाल्या त्या शिवप्पाच्या थोरल्या भावाच्या, अण्णारावांच्या. त्यांच्या अंगणात माझी गाडी लागायची, त्यांच्या घरची सणाची पोळी माझ्याकडं यायची. शाळेच्या समितीचे अध्यक्षही तेच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात ह्या खोल्यांचा वाटा आहे.

शिवप्पाचा माणसांवर फार विश्वास. पंचवीस वर्षं फिरला, पण घरून डबा कधी नेला नाही. ज्या गावात दुपार होईल तिथं कुणीतरी हाक मारायचं आणि भाकरी पुढं यायची. मी एकदा म्हणालो, "शिवप्पा, लोक तुला एवढं का करतात?"

"लोकं समद्यालाच करत्यात, गुरुजी," तो म्हणाला. "मानूस वाईट नसतंय. त्येला कुनी नीट सांगितल्यालं नसतंय, येवढंच."

त्याचा तो धंदाच होता, नीट सांगायचा.

दोन हजार एकवीसच्या दिवाळीत त्याचा आवाज बसला. लोक हसले. 'शिवप्पा, भोंग्याला गंज चढला का?' असं म्हणाले. त्यानं मध-हळद केली, काढे घेतले, गुटखा सोडतो सोडतो म्हणत संक्रांत आली. मग एक दिवस थुंकीत रक्त दिसलं तेव्हा त्याची बायको, सिंधुवहिनी, त्याला धरून लातूरला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी फिरवून सांगितलं नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस वाचेल, आवाज राहणार नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला कपडे बदलून खाटेवर बसवलं होतं. बाहेर व्हरांड्यात एक बाई रडत फिरत होती. तिचा म्हातारा सासरा रांगेतून उठून कुठं गेला ते कळत नव्हतं, त्याला विसरण्याची सवय होती. शिवप्पा उठला, दाराशी गेला, आणि तसल्या फाटक्या आवाजात सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं त्या म्हाताऱ्याचं नाव, गाव, धोतराचा काठ, डोक्याचा पटका असं सगळं दोनदा पुकारलं. नर्स रागावली. म्हातारा खाली जिन्याशी बसलेला सापडला. त्यानंतर शिवप्पाला आत घेतलं. गळ्यातून निघालेलं त्याचं शेवटचं बोलणं ते. सिंधुवहिनी म्हणाल्या, "मला वाटलं माज्याशी दोन शब्द बोलतील. ते परक्या मानसापायी गेले."

तो परत आला तेव्हा गळ्याच्या खालच्या खळग्यात एक भोक होतं. त्यात नळी होती आणि श्वास तिथूनच चालायचा. वर पांढऱ्या कापडाची झालर. खोकला आला की कफ नाकातोंडातून नाही, तिथून यायचा. पहिले पंधरा दिवस अख्खं गाव बघून गेलं. बघून गेलं हाच शब्द बरोबर आहे. दारात उभं राहायचं, गळ्याकडं बघायचं, चुकचुकायचं आणि वहिनींना विचारायचं, "जेवतोय का?" तो समोर बसलेला असायचा. त्याला ऐकू येत होतं, कळत होतं, पण आवाज गेला म्हणजे कानही गेले असं लोकांनी ठरवून टाकलं. कुणी बोललंच तर ओरडून बोलायचं.

तो वही बाळगायला लागला. शंभरपानी, खिशात मुडपून ठेवलेली. काही विचारलं की लिहायचा. शिक्षण सातवीपर्यंत, अक्षर मोठं, हात सावकाश. एक ओळ लिहायला त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात समोरचा माणूस दुसऱ्याशी बोलायला लागायचा. वही वर करून तो थांबायचा. मग खाली घ्यायचा.

स्टँडवर दयानंदचं हॉटेल आहे. दयानंद त्याचा लंगोटीयार. हॉटेल सुरू झालं तेव्हा तीन दिवस शिवप्पानं फुकट पुकारलं होतं. आम्ही सगळे तिथं काचेच्या ग्लासात चहा प्यायचो. शिवप्पा बरा होऊन पहिल्यांदा आला तेव्हा दयानंदनं त्याला कागदी कपात चहा दिला. त्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही कागदी कप. तिसऱ्या दिवशी शिवप्पानं स्वतः काउंटरवरचा ग्लास उचलून पुढं केला. दयानंद म्हणाला, "र्‍हाऊ दे रे, गिऱ्हाईक बगतंय." कॅन्सर काही चहाच्या ग्लासातून जात नाही, हे मला ठाऊक होतं. मी विज्ञान शिकवतो. मी माझा ग्लास संपवला आणि शाळेला गेलो.

शिवप्पा त्यानंतर हॉटेलात आला नाही. रिक्षा विकली. त्याचे भोंगे आणि जुन्या घोषणा भरलेलं मेमरी कार्ड ज्यानं घेतलं तो ते अजून वाजवत फिरायचा, त्यामुळं कधीकधी शिवप्पा ओट्यावर बसलेला असायचा आणि रस्त्यावरून त्याचाच आवाज जायचा, वीजबिल भरा म्हणून. पोरं त्याच्याकडं बघायची. तो उठून आत जायचा.

पण हे सगळं गावात होतंच. दुखणाईत माणसाला कुठलंही गाव थोडंफार असंच करतं. खरी गोष्ट पुढची आहे.

धुळशेट्ट्यांची अकरा एकर जमीन. त्यातली चार एकर रस्त्याला लागून, बाकीची मागं माळाच्या अंगाला, मुरमाड. वडील असतानाच तोंडी ठरलं होतं की रस्त्याकडची दोघांत निम्मी. मग रस्ता रुंद व्हायची बातमी आली, पेट्रोल पंपाची माणसं येऊन बघून गेली, आणि अण्णारावांना वाटणी कागदावर आणायची घाई झाली. तेवीसच्या एप्रिलमध्ये त्यांच्या पडवीत बैठक बसली. पाच माणसं पंच म्हणून. चार गावातली मोठी शेतकरी मंडळी, पाचवा मी. माझं अक्षर चांगलं म्हणून कागद मी लिहायचा होता.

शिवप्पा माझ्या शेजारी सतरंजीवर बसला. वही काढून मांडीवर ठेवली. अण्णारावांनी सुरुवात केली. रस्त्याकडची चार एकर थोरल्याकडं, कारण विहीर तिथंच आहे आणि ती थोरल्यानं खोदली. माळाची सात एकर धाकट्याकडं. "त्येला तीन एकर जादा जातंय," ते म्हणाले, "भाऊ हाय, देतो." पंचांनी माना डोलावल्या. सात एकर मुरूम म्हणजे काय, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

शिवप्पा लिहायला लागला. बोलणं पुढं गेलं, विहिरीच्या पाण्याची पाळी, बांधावरची चिंच, मोजणीची तारीख. तो लिहीतच होता. अण्णाराव म्हणाले, "शिवप्पा, काय लिवलालास बाबा? मानसं किती येळ बसतील? नुस्ती मान हलव. हाव का न्हाई?"

शिवप्पानं मान हलवली. डावीकडून उजवीकडं, दोनदा. आमच्या भागात मान कशीही हलवली तरी तिचे दोन्ही अर्थ निघतात, काढायचे असले तर.

"झालं," अण्णाराव म्हणाले. "हाव म्हनला. लिवा, गुरुजी."

मी त्याच्या शेजारी होतो. वही मला दिसत होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'मला हे मंजूर न्हाई. आदी माजं ऐ'. एवढंच झालं होतं. तिथं त्याचं पेन थांबलं होतं आणि तो माझ्याकडं बघत होता.

मी लिहिलं. 'शिवप्पा यांना सर्व पंचांसमक्ष विचारले असता त्यांनी हरकत घेतली नाही.' वाक्य सुबक आलं. सह्या सुरू झाल्या. कागद शिवप्पापुढं आला तेव्हा त्यानं पुन्हा माझ्याकडं बघितलं. त्याला वाचायला वेळ लागणार होता आणि चार माणसं चप्पल घालायला उठली होती. गुरुजींनी लिहिलंय म्हणजे त्याचं म्हणणं कुठंतरी आलं असेल, असं त्याला वाटलं असावं. मी मान खाली घातली. ती खाली गेली की होकारार्थी हलली, हे त्यानं कसं घेतलं कोण जाणे. त्यानं सही केली.

कागदाची नक्कल त्याच्या हातात पडायला तीन महिने लागले. ती वाचल्यावर तो माझ्याकडं आला नाही, भावाकडंही गेला नाही. ओट्यावर बसायचंही बंद केलं. सिंधुवहिनी नळावर भेटायच्या, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "लिवत बी न्हाईत आता. वही कोरी पडलीया."

त्यानंतरचं जे आहे ते मला उशिरा कळलं. चोवीसच्या फेब्रुवारीत त्याला तपासणीसाठी नांदेडला जायचं होतं; ऑपरेशन लातूरला झालं तरी पुढच्या तपासण्या तिथं चालायच्या. दरवेळी वहिनी बरोबर असायच्या. त्या दिवशी त्यांना तापानं उठवत नव्हतं, सांधे धरले होते. तो एकटाच उदगीर-नांदेड गाडीत बसला. कंधार सोडलं आणि रस्त्याचं काम लागलं. खिडक्या बंद होईनात, धूळ आत आली आणि त्याच्या नळीत कफाचा खडा अडकला. श्वास घुसमटायला लागला. गळ्यातून शिट्टीसारखा आवाज निघाला. शेजारचा माणूस उठून मागं गेला. पुढच्या सीटवरची बाई पदर नाकाला लावून म्हणाली, "टीबी हाय वाटतं." कुणीतरी म्हणालं, खाली उतरवा ह्याला, समद्यांना लागेल. शिवप्पा हातवारे करत होता, कुणाला कळत नव्हतं.

मागच्या दारापाशी एक पन्नाशीची बाई बसली होती. काळा बुरखा, तोंड उघडं, मांडीवर कापडाचं मोठं बोचकं. आबेदा तिचं नाव. नांदेडला देगलूर नाक्याकडं राहायची, ब्लाउज शिवायची. ती बोचकं तसंच सीटवर टाकून पुढं आली आणि त्याच्या समोर वाकली.

"भाऊ, डरू नक्को. मला कळत नाही तुम्हाला काय पाहिजे. लिहिता येतं का? लिखो. मैं खडी हूँ."

त्यानं खिशातून वही काढली. तिनं त्याच्या हातातल्या पेनाकडं बघितलं नाही, घाई केली नाही, अंदाजानं काही बोलली नाही. त्यानं लिहिलं, 'आरसा. पानी. गाडी थांबवा.' तिनं वाचलं आणि ड्रायव्हरला हाक मारली. गाडी बाजूला उभी राहिली. तिनं पर्समधला हातभर नाही, वीतभरही नाही, टिकलीएवढा आरसा काढला आणि त्याच्या गळ्यासमोर धरला. कंडक्टरनं पाण्याची नवी बाटली फोडून दिली. शिवप्पानं आतली नळी काढली, धुतली, फडक्यानं पुसली, पुन्हा बसवली. कफ उडाला तो तिच्या बाहीवर. तिनं बाही पुसली नाही, कारण आरसा हलला असता.

गाडी चौदा मिनिटं थांबली होती. हा आकडा त्याच्या वहीत आहे. आधी कुरकुर झाली, मग थांबली. खाली उतरवा म्हणणाराच माणूस नंतर उतरून कडेच्या टपरीवरून गरम पाणी घेऊन आला. तोंडाला पदर लावणाऱ्या बाईनं तिची खिडकीपासून लांबची, आतली सीट त्याला दिली.

नांदेडच्या स्टँडवर आबेदाचा नवरा तय्यब त्याची ऑटो घेऊन तिला न्यायला आला होता. तिनं शिवप्पाला त्यातच बसवलं. तय्यब बोलका माणूस. गाव कुठलं, लेकरं किती, धंदा काय. प्रश्न विचारायचा आणि सिग्नलला गाडी थांबली की मागं वळून वही वाचायचा. एक सिग्नल हिरवा झाला तरी शिवप्पाचं लिहून झालं नव्हतं. मागून हॉर्न वाजले. तय्यब म्हणाला, "बजने दो. पूरा करो तुम."

शिवप्पानं त्याच दुपारी दवाखान्याच्या बाकावर बसून वहीत पानभर लिहिलं. 'मानसं थांबत्यात. मला वाटलं व्हतं आता कुनी थांबनार न्हाई. तिला मी कोन? काई न्हाई. माजा भाऊ पाच मिंटं थांबला न्हाई.'

त्याच दवाखान्यात किनवटकडची एक मुलगी, शिल्पा मॅडम, मंगळवारी यायची. स्वरयंत्र काढलेल्या माणसांना बोलायला शिकवणं हे तिचं काम. हवा गिळायची, अन्ननळीत धरायची आणि ढेकर देतात तशी सोडता सोडता तिचे शब्द करायचे. ऐकायला सोपं वाटतं. शिवप्पाला पहिला 'प' काढायला सहा मंगळवार लागले. पोट फुगायचं, उलटी व्हायची. तो जात राहिला. मंगळवारी दुपारी आबेदाच्या घरी जेवण ठरलेलंच. ती शिलाई मशीन चालवत असायची आणि तो समोर बसून हवा गिळायचा. "फिर से," ती म्हणायची. "जल्दी क्या है?"

सप्टेंबरपर्यंत तो दोन-दोन शब्दांची वाक्यं बोलायला लागला. आवाज खोल विहिरीतून यावा तसा, खरखरीत, पण कळायचा. तो बोलतोय ही बातमी गावात पोचली. दयानंदच्या हॉटेलात कुणीतरी त्याची नक्कल केली, ढेकर देऊन. सगळे हसले. मी त्या दिवशी तिथं नव्हतो, पण असतो तर उठलो असतो असं नाही.

ऑक्टोबरात एके दुपारी तो शाळेत आला. मधली सुट्टी संपून पोरं वर्गात गेली होती. त्यानं माझ्या टेबलावर दोन वह्या ठेवल्या.

"वाचा," तो म्हणाला.

त्याचा तो नवा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी वाचत बसलो. एक तास गेला असेल. बैठकीचं ते पान होतं, 'आदी माजं ऐ' लिहिलेलं. कागदी कपाचं होतं. बसचं, आरशाचं, तय्यबचं होतं. माझं नाव एका ठिकाणी होतं. 'गुरुजीनं वाचलं व्हतं.' बास, एवढंच. शिवी नाही, काही नाही.

"उदगीरला," तो म्हणाला. हवा गिळली. "अर्ज केला. वाटणीवर." पुन्हा हवा. "मुदत गेली. पर मॅडम. ऐकते म्हनल्या."

त्यानं प्रांत कचेरीत दाद मागितली होती. आजारपणामुळं उशीर झाला हे तिथल्या अधिकारी बाईंनी मान्य केलं होतं. पण संमती नव्हती हे पंचांपैकी कुणीतरी सांगायला हवं होतं. चार पंच अण्णारावांच्या बाजूनं जबाब देणार हे ठरलेलं. उरलो मी.

"काय झालं," तो म्हणाला, "तेवढंच सांगा. जादा नको."

"येतो," मी म्हणालो.

त्यानं वह्या उचलल्या. मला त्या क्षणी खरंच जायचं होतं. संध्याकाळी खोलीवर आलो तर अण्णाराव अंगणात खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी धमकी दिली नाही. उलट चहा मागवला. "गुरुजी, बदल्यांची यादी लागायलीय म्हनं," ते म्हणाले. "तुमच्या लेकीची दहावी हाय. ह्या वरसी इथंच र्‍हावा. मी बोलतो वर." मग गव्हाच्या भावावर बोलत राहिले.

सुनावणीच्या दिवशी मी शाळेत निवडणुकीच्या याद्यांचं काम काढून बसलो. ते काम दुसऱ्या दिवशी केलं असतं तरी चाललं असतं.

तिथं काय झालं हे मला सिंधुवहिनींनी सांगितलं. शिवप्पा दहा वाजल्यापासून फाटकाकडं बघत होता. नांदेडहून आबेदा आणि तय्यब आले होते, शंभर किलोमीटर ऑटोनं, कारण शिवप्पाला भीती वाटत होती की घाबरला तर आवाज निघणार नाही आणि त्याचं अक्षर साहेबांना लागणार नाही. वही वाचायला कुणीतरी हवं. त्यांना साक्ष देता येत नव्हती, त्यांनी काही बघितलेलं नव्हतं. ते फक्त आले होते.

पुकारा झाला. चार पंचांनी एकसारखा जबाब दिला. मग अधिकारी मॅडमनी शिवप्पाला विचारलं. पहिला शब्द निघेना. हवा नुसतीच बाहेर गेली. मागं बसलेला एक पंच हसला. मॅडमनी त्याला बाहेर जायला सांगितलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सावकाश. मी थांबते."

शिवप्पा बोलला. "मी न्हाई म्हनलो व्हतो. लिवलं व्हतं. कुनी वाचलं न्हाई. एकानं वाचलं. तो आला न्हाई."

निकाल महिन्याभरानं लागला. सहीचा कागद होता, चार जबाब होते, विरोधात फक्त त्याचा शब्द आणि एक अर्धं वाक्य लिहिलेली वही. अपील फेटाळलं. पण मॅडमनी आदेशात एक ओळ घातली आहे, ती मी नंतर मुद्दाम जाऊन वाचली. 'अपीलार्थी यांनी आज रोजी समक्ष व स्पष्ट शब्दांत हरकत नोंदविली.' त्या ओळीनं जमीन मिळाली नाही. रस्त्याकडच्या चार एकरांवर आता पंपाच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत.

डिसेंबरात शिवप्पानं गाव सोडलं. माळाची जमीन खंडानं दिली. तय्यबनं छोटा टेम्पो आणला होता. सामान फारसं नव्हतंच. गल्लीतली माणसं दारात उभी राहून बघत होती, कुणी भांडं उचलायला पुढं झालं नाही. मी शाळेतून येताना नेमका समोर आलो. शिवप्पा टेम्पोत पुढं बसलेला, तो माझ्याकडं न बघता समोरच बघत राहिला. वहिनी खाली उतरल्या. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी सुनावणीचं सगळं सांगितलं, शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसं. शेवटी म्हणाल्या, "तुमी येनार म्हनून ह्येनी सकाळधरनं जेवले न्हवते. जेवल्यावर हवा गिळता येत न्हाई. दोनदा बोलावं लागलं तर म्हनून." आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

माझी बदली झाली नाही. लेक दहावी पास झाली. यंदा मात्र मीच खोल्या सोडल्या आणि जळकोटात राहायला गेलो. त्यात मोठेपणा काही नाही. अंगणात गाडी लावताना अण्णाराव हसून नमस्कार करायचे, ते सोसेना.

गेल्या महिन्यात मेव्हण्याला घेऊन नांदेडच्या त्याच दवाखान्यात गेलो होतो. दुपारी जेवायला बाहेर पडलो. समोरच्या गल्लीत पत्र्याखाली दोन चुली, ज्वारीच्या भाकरीचा वास, पेशंटच्या नातेवाइकांची गर्दी. भाकरी थापत होत्या त्या सिंधुवहिनी. शेजारी एक बुरख्यातली बाई कांदे चिरत होती. ती आबेदा असणार हे मला बघताच कळलं. आणि शिवप्पा जेवणाऱ्यांच्या ताटल्यांत वाढत होता. गळ्याला स्वच्छ पांढरी झालर. एका कोपऱ्यात त्याच्यासारखाच नव्यानं नळी बसवलेला माणूस बसला होता आणि शिवप्पा मधूनमधून जाऊन त्याच्या तोंडाकडं बघत म्हणायचा, "हवा. आत. हं."

परत फिरावं असं वाटलं. पण त्यानं बघितलं होतं. त्यानं ताटली पुढं केली, भाकरी आणि पिठलं वाढलं. चेहऱ्यावर राग नव्हता. ओळखही नव्हती म्हणावी तर तसंही नाही.

"कसा आहेस?" मी विचारलं.

"बरा," तो म्हणाला. हवा गिळली. "हितं लोकं. थांबत्यात."

"शिवप्पा, मला त्या दिवशी..." मी सुरुवात केली. तो ऐकायला उभा राहिला. हातातली भाकरीची टोपली खाली ठेवून उभा राहिला. मला पुढचं वाक्य सुचेना. निवडणुकीच्या याद्या, लेकीची दहावी, खोल्या, असलं सगळं तोंडापर्यंत आलं आणि कुठलंच बाहेर पडलं नाही. मागून कुणीतरी पिठलं मागितलं. तो तरी हलला नाही. शेवटी मीच म्हणालो, "जा, गिऱ्हाईक बोलावतंय."

आबेदा कांदे घेऊन आली. आम्ही बोलताना तिनं बघितलं असावं. तिनं त्याला विचारलं, "ये कौन, भाऊ?"

माझा घास तोंडातच राहिला. माझं नाव तिला माहीत होतं. उदगीरच्या कचेरीत ती दिवसभर त्याच नावाच्या माणसाची वाट बघत बसली होती.

शिवप्पानं माझ्याकडं बघितलं. "गावाकडचे," तो म्हणाला. मग हवा गिळून, "वळखीचे."

नाव त्यानं सांगितलं नाही. का, ते मला अजून समजलेलं नाही. मला वाचवलं म्हणावं, तर त्या एका शब्दात त्यानं मला जिथं ठेवायचं तिथं ठेवलं होतं. वहिनींनी चुलीवरून मान वर केली नाही. आबेदाला काही कळलं नाही. "गाव से आए? इतनी दूर?" ती म्हणाली आणि माझ्या ताटलीत न मागता आणखी एक भाकरी टाकली, वर कांदा ठेवला. पाणी आणून दिलं. उन्हात बसलोय हे बघून सावलीतल्या माणसाला सरकायला लावून माझ्यासाठी जागा केली.

मी ती भाकरी खाल्ली. नको म्हणायला तोंड उघडलं नाही.